इंचांचा पाऊस, फुटांचा पूर

गोव्यात जून-जुलैमध्ये दोन माणसं भेटली की तिसरं वाक्य पावसाचं. आणि पावसाचं म्हणजे आकड्याचं. "किती इंच झाला?" पेपरवाल्यांनाही हे पक्कं ठाऊक आहे. पणजीला इतका, वाळपईला इतका, सांग्याला इतका असे आकडे छापून येतात, आणि पावसाने एकदा शंभरी गाठली की त्याची वेगळी बातमी होते, एखाद्या फलंदाजाची व्हावी तशी. गंमत म्हणजे आमच्यावर साडेचारशे वर्षं राज्य केलेल्या पोर्तुगिजांचं माप शेवटी मीटर-मिलिमीटरचं झालं होतं. वेधशाळाही मिलिमीटरमध्येच मोजते. तरी आम्ही त्याला पंचवीसने भागून इंच करून घेतो आणि मगच आम्हाला पाऊस कळतो. "अडीच हजार मिलिमीटर" म्हटलं तर कोणी मान वर करून बघत नाही. "शंभर इंच" म्हटलं की कसं, पाऊस पडल्यासारखा वाटतो!

पण ह्या इंचांच्या नादात पुराविषयीची आमची समजूत जरा भलत्याच वाटेने गेली आहे, असं मला हल्ली वाटू लागलं आहे. ते का, तेच सांगायचं आहे.

आम्ही चौघे कॉलेजचे मित्र. एक दुबईला, एक लिस्बनजवळ ओदिव्हेलशला, एक सांगलीला आणि मी इथे पणजीत. सांगलीवाला मूळचा तिकडचाच, वडिलांची बँकेतली बदली झाली म्हणून गोव्यात शिकला. चौघांच्या मोबाइलवर गप्पा चालतात. पावसाळ्यात विषय कुठूनही निघो, पावसावर येऊन थांबतो. १६ एप्रिल २०२४ ला मात्र वेगळंच झालं. इथे आमच्याकडे अंगाची लाही होत होती आणि दुबईवाला बुडालेल्या गाड्यांचे फोटो पाठवत होता. विमानतळाच्या धावपट्टीवर तळं झालं होतं. तिथे चोवीस तासांत साधारण १४२ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्या विमानतळाची वर्षाची सरासरीच ९५ च्या आसपास आहे. अल ऐनकडच्या एका केंद्रावर तर २५४ मिलिमीटर. त्या देशात १९४९ पासून पावसाच्या नोंदी आहेत, त्यांत एवढा पाऊस कधी नव्हता.

मी हिशेब करून लिहिलं, "अरे, स इंचांक बुडले तुमी? इतका तर आमच्याकडे चवथीच्या बाजारात पडतो."

त्याचं उत्तर आलं, "इंच विचारू नको रे. गटार कुठे आहे ते विचार."

खरं होतं त्याचं. जिथे वर्षातून मोजकेच दिवस पाऊस पडायचा, तिथे पाणी वाहून न्यायला मोठी व्यवस्था कोण कशाला करील? वाळूवर रस्ते झाले, इमारती झाल्या, पाण्याला मुरायला जागा राहिली नाही आणि वाहायला वाटही नाही. लोक मात्र दोन दिवस ढगांत रसायन मारल्याच्या गोष्टी करत बसले. तिथल्या हवामान केंद्राने असं काही केलं नसल्याचं सांगितलं तरी लोकांना तीच गोष्ट जास्त आवडली. पावसाला कोणीतरी एक गुन्हेगार मिळाला की गटाराचा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, हे जगात सगळीकडे सारखंच. तिथल्या सरकारने मात्र जूनमध्ये तीस अब्ज दिरहमची गटारयोजना जाहीर केली. म्हणजे त्यांना उत्तर ठाऊक होतं.

ह्या गप्पांत ओदिव्हेलशवाला गप्प होता. रात्री त्याने दोनच ओळी लिहिल्या. तो राहतो त्या भागात १९६७ मध्ये ह्याहून कमी पाऊस पडला होता आणि माणसं शेकड्यांनी मेली. त्याच्या इमारतीतल्या एका म्हातारीने त्याला ते सांगितलं होतं. त्या रात्री ती मुलगी होती आणि बापाने तिला खांद्यावर घेऊन टेकडीवर नेलं होतं.

आमच्याकडे १९६७ म्हटलं की जनमत कौल. जानेवारीतला. मराठीवाल्यांच्या घरांत त्या विषयावरून आजसुद्धा आवाज चढतो. वर्षाच्या शेवटी, ११ डिसेंबरला, कोयनेचा भूकंप झाला. ह्या दोन्हींच्या मध्ये, २५ नोव्हेंबरच्या रात्री लिस्बनला काय झालं ते आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? मलाही शोधून शोधून वाचावं लागलं. ज्या राजधानीतून सहा वर्षांपूर्वीपर्यंत गोव्याचा कारभार चालत होता, त्या राजधानीची ही गोष्ट आहे. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तो शनिवार होता. संध्याकाळपासून पाऊस लागला आणि रात्री वाढत गेला. लिस्बनच्या उत्तरेला लोरेशच्या खोऱ्यात पाच-सहा तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पडला, म्हणजे चार-साडेचार इंच. आपल्या मापाने आषाढातली एक बरी रात्र. पण लिस्बनभोवती लहान लहान ओहोळांची खोरी आहेत. उन्हाळ्यात हे ओहोळ कोरडे असतात. गेल्या वीसेक वर्षांत पोटासाठी खेड्यांतून राजधानीकडे आलेली माणसं ह्याच खोऱ्यांत वस्त्या करून राहिली होती. शहरातलं भाडं परवडत नव्हतं आणि ओहोळाच्या कडेची जागा स्वस्त, बहुतेक वेळा फुकटच. पत्र्याच्या, फळ्यांच्या, कच्च्या विटांच्या खोल्या. ओदिव्हेलश, लोरेश, व्हिला फ्रांका द शिरा, आलेंकेर ही त्या पट्ट्यातली नावं. मध्यरात्रीच्या सुमारास ओहोळ चिखल, झाडं आणि दगड घेऊन उतरले. वीज गेली, फोन गेले. माणसं अंथरुणातच अडकली. व्हिला फ्रांकाजवळ किंताश म्हणून एक लहान गाव आहे. त्या गावातली निम्म्याहून जास्त माणसं एका रात्रीत गेली.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही पुराची आहे. पुढची गोष्ट सालाझारच्या राज्याची.

दुसऱ्या दिवशी पेपरवाले चिखलात उतरले, त्यांनी फोटो काढले, प्रेतं मोजली. मग सेन्सॉरची निळी पेन्सिल फिरू लागली. पोर्तुगालमध्ये ह्या पेन्सिलीचा निळा रंग म्हणीसारखा झाला आहे. शवपेट्यांचे फोटो नकोत. मथळे लहान करा. हळूहळू हा विषय आटोपता घ्या. सरकारी आकडा साडेचारशेच्या थोडा पुढे जाऊन थांबला, ४६२ वर. प्रेतं मिळणं थांबलं म्हणून नव्हे, मोजणं थांबलं म्हणून. पुढे ज्यांनी शोध घेतला त्यांचा अंदाज सातशेच्या घरात जातो. सातशे! गेल्या शंभरेक वर्षांतल्या त्या देशातल्या पुरांत एवढा जीव घेणारा दुसरा नाही, आणि त्याचा खरा आकडा आजही कोणाकडे नाही.

ती पेन्सिल आपल्या ओळखीची आहे. गोव्यात मराठी छापणाऱ्यांनी ती १९६१ पर्यंत सोसली. लग्नपत्रिकाही सेन्सॉरकडून पास करून घ्याव्या लागत, असं जुनी माणसं सांगतात. पण आपण त्या पेन्सिलीची आठवण ठेवतो ती राजकारणासाठी. स्वातंत्र्य, सत्याग्रह, बंदी आलेली पत्रं. तीच पेन्सिल त्यांच्या स्वतःच्या देशात, स्वतःच्या गरीब माणसांच्या प्रेतांवरून फिरली, हे वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

दोन गोष्टी मात्र त्या पेन्सिलीला पुसता आल्या नाहीत. एक म्हणजे विद्यार्थी. लिस्बनच्या कॉलेजांतली मुलं फावडी घेऊन हजारोंनी त्या वस्त्यांत गेली. बहुतेक चांगल्या घरची. राजधानीपासून तासाभराच्या अंतरावर माणसं अशी राहतात हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. चिखल उपसता उपसता त्यांनी घराघरात विचारून नोंदी केल्या, आपली पत्रकं काढली. १९७४ च्या क्रांतीनंतर पुढे आलेल्या बऱ्याच जणांनी सांगितलं आहे की आपले डोळे त्या चिखलात उघडले. दुसरी गोष्ट म्हणजे गोन्सालो रिबैरू तेल्लिश नावाचा भूदृश्य-वास्तुविशारद. त्याने त्याच दिवसांत टेलिव्हिजनवर सांगितलं की हे आभाळाचं काम नव्हे, खोऱ्यांत घरं बांधू दिली त्याचं हे फळ आहे. नदीच्या जागेत माणूस राहिला तर नदी कधीतरी आपली जागा मागायला येणार. हा माणूस काही क्रांतिकारक वगैरे नव्हता, राजेशाहीवादी होता, पण झाडं आणि पाणी त्याला कळत होतं. पुढे तो मंत्री झाला.

आता बघा, चार-साडेचार इंचांत सातशे माणसं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, म्हणजे सदतीस इंच. त्याच दिवशी त्याच शहरात कुलाब्याला तीन इंचही भरला नाही. तेव्हाही पाऊस कमी की जास्त ह्यावर आपण बोलत राहिलो. मिठी नदी किती अरुंद झाली होती ते नंतर अहवालात वाचलं. इंच सांगतो आभाळाने काय केलं. खाली जमिनीवर आपण काय करून ठेवलं होतं, ते त्यात कुठे येतं?

हे मला शिकवलं सांगलीवाल्याने, आणि तेही त्याच्या नकळत.

जुलै २०२१ मधली गोष्ट. २२ तारखेला महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पडला, वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं आणि २३ ला आमच्याकडे म्हादई आणि खांडेपार पात्र सोडून बाहेर आल्या. सत्तरी, डिचोली, फोंडा, धारबांदोडा, सगळीकडून बातम्या. हजारेक घरांची नुकसानी. १९८२ नंतरचा सर्वांत मोठा पूर, असं मुख्यमंत्र्यांनी सांगितलं. सांगलीलाही कृष्णा चढत होती. गप्पांत मी आमचे इंच लिहिले. त्याने विचारलं, "ते राहू दे. किती फूट झालं?"

"कसले फूट?"

"पाण्याचे रे!"

सांगलीत सगळं आयर्विन पुलावरून ठरतं. १९२९ साली वाहतुकीला खुला झालेला हा पूल. त्याच्यावर पट्टी आहे. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. कोल्हापुरात पंचगंगेला राजाराम बंधारा, तिथे एकोणचाळीस आणि त्रेचाळीस. सांगलीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं की अमुक फुटांना दत्तनगर, अमुक फुटांना मारुती चौक. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं, हे तिथे जन्मतारखेसारखं सांगतात. पुण्यात पानशेतच्या पुराच्या, १२ जुलै १९६१ च्या, खुणा जुन्या भिंतींवर आहेत. लोकांच्या डोक्यावरून हात जाईल इतक्या उंच.

आणि आम्ही? १९८२ मध्ये पाणी कुठपर्यंत आलं होतं? मी विचारून पाहिलं. एकाने सांगितलं देवळाच्या पायरीपर्यंत, दुसऱ्याने सांगितलं त्याच देवळाच्या घंटेपर्यंत. गांजेला केंद्रीय जल आयोगाचं म्हादईचं पाणी मोजायचं केंद्र आहे. तिथे फूट-मीटर सगळं मोजलं जातं. पण तो आकडा चहाच्या टपरीवर येत नाही. टपरीवर येतो तो वाळपईचा इंच. खोलीत पाणी किती चढेल ते ह्या इंचावरून कोणाला सांगता येणार? शिवाय पाऊस पडतो एकीकडे आणि पूर येतो दुसरीकडे. ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारीचं पाणी सोडलं तेव्हा शापोऱ्याच्या काठच्या गावांतून माणसं हलवावी लागली. त्या माणसांनी आपल्या अंगणातला पाऊस मोजून काय उपयोग होता?

मी सरकारी कारकून. कागद हाच माझा धंदा. मी पाहिलेल्या पंचनाम्यांत घर अंशतः पडलं की पूर्ण, भिंत मातीची की चिऱ्याची, नुकसान किती रुपयांचं हे सगळं असतं. पाणी भिंतीवर कुठपर्यंत चढलं होतं, कुठून आलं, कशामुळे अडलं, ह्याला रकाना नसतो. म्हणजे आमच्याकडे निळी पेन्सिल कोणी चालवत नाही. लिहायचंच नसेल तर पुसायला कोण कशाला येईल?

खरं तर ही विद्या आमचीच होती. खाजनाचा बांध बघा. समुद्राचं खारं पाणी नदीतून आत येतं. मांडवीत गांजेपर्यंत भरती कळते. ते पाणी अडवून आमच्या पूर्वजांनी सखल जमीन शेतीखाली आणली, कोरगुटासारखं खारं सोसणारं भात लावलं. बांधाची उंची ठरली ती सर्वांत मोठ्या भरतीवरून. बांधाला मानस. मानशीची लाकडी दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. आत पाणी साठायला पोंय. वर पाऊस कोसळत असताना बाहेर भरती असेल तर ते पाणी कुठे राहणार, ह्याचा विचार आधीच करून ठेवलेला. त्या बांधांची जबाबदारी गावकरीची होती, आणि १५२६ मध्ये अफोंसो मेशियाने गावकरीचे रीतीरिवाज लिहून काढले तेव्हा ते नवीन केलेले नव्हते, जुने चालत आलेले होते. मानशीवरच्या मासळीचा लिलाव व्हायचा, त्यातून बांधाचा खर्च निघायचा. इंच मोजायचं यंत्र नव्हतं त्या काळात. त्यांनी पाणीच मोजलं.

पुढे काय झालं ते नाजूक आहे, तरी बोलतो. भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारचा १९६४ चा कूळ कायदा आणि शशिकलाताईंच्या काळातली १९७६ ची दुरुस्ती, ह्यांनी कसणाऱ्याला जमीन दिली. ते न्यायाचंच झालं, ह्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण जमिनीबरोबर बांधही कुळांच्या संघटनांकडे आला. शेत वाटून घेता येतं, बांध कसा वाटणार? शेतात राम राहिला नाही तशी पोरं नोकरीला लागली. बांधाला पडलेलं भोक खेकड्याचं की कोळंबीसाठी मुद्दाम पाडलेलं, ह्यावरून गावात भांडणं होतात आणि तेवढ्यात भरती आत येऊन जाते. मग खाऱ्या झालेल्या शेतात भराव पडतो, भरावावर इमारत उठते. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की पाण्याला टेकायला पोंय उरलेली नसते. ते मग रस्त्यावर येतं. आपण म्हणतो, यंदा पाऊस फार.

पणजी शहराचंच घ्या. पणजी म्हणजे कधी न बुडणारी जमीन, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. मला ती फारशी पटत नाही, पण ऐकायला बरी वाटते, विशेषतः मळ्यात गुडघाभर पाण्यात उभं राहून ऐकली तर. पणजी ते रायबंदर हा कॉजवे १६३३-३४ मध्ये लिन्यारेशच्या काउंटने, म्हणजे त्या वेळच्या व्हाइसरॉयने बांधला, तोही दलदलीतून. तीन किलोमीटरहून लांब. पाणी इकडून तिकडे जायला त्याला कमानी ठेवल्या होत्या. आजही त्यावरून बस जाते आणि बाजूला मिठागरं, खाजनं दिसतात. जेवढी उरली आहेत तेवढी.

१९८२ च्या खुणा आता मिळायच्या नाहीत. २०२१ च्या अजून मिळतील. सत्तरीत म्हादईच्या काठावर माझ्या मामाचं घर आहे. २३ जुलैला तिथे पाणी शिरलं. ओसरल्यावर ओटीच्या भिंतीवर चिखलाची सरळ रेघ राहिली होती, दोरी लावून आखल्यासारखी. चवथ आली १० सप्टेंबरला. त्याआधी भिंतींना चुना लावायला घेतला. मी म्हटलं, मामा, ती रेघ तेवढी ठेवा. मामी म्हणाली, "गणपती बसवतले त्या खोलयेंत चिखल दवरूं?" तिचंही बरोबर होतं. शेवटी मामाने दाराच्या मागे, रेघेच्या नेमका वर, एक खिळा ठोकला आणि मग चुना फिरवला.

२०२४ च्या चवथीला गेलो तेव्हा टेप नेला होता. खिळ्यावर कालनिर्णय लटकत होतं, ते बाजूला करून मोजलं. जमिनीपासून चार फूट दोन इंच. दाराच्या मागे पेन्सिलीने तारीख लिहून ठेवली आणि आकडा सांगलीला कळवला.